सही करण्याआधी कागद वाचा



ओव्हरटाइमचे दोन तास कमी लागले तर आपण बाबूच्या टेबलाशी जाऊन उभे राहतो. लिहिणाऱ्याच्या श्रमाचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. आमच्या रायपूरचे थोर हिंदी साहित्यिक विनोदकुमार शुक्ल येथील कृषी विद्यापीठात शिकवीत असत. पुस्तके वर्षानुवर्षे खपत असूनही रॉयल्टी नाममात्र मिळते, अशी तक्रार त्यांना मार्च २०२२ मध्ये, पंच्याऐंशीच्या वयात, जाहीरपणे करावी लागली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने त्यांना ३० लाखांचा धनादेश दिला. म्हणजे वाचक होता, विक्रीही होती! त्याच डिसेंबरात ते गेले.

शोधनिबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाला तर रॉयल्टीही नाही. लिहिणारा फुकट, निबंध तपासणारे दुसरे प्राध्यापकही बहुधा फुकटच. त्यांचा पगार बहुतेक सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून. छापण्यापूर्वी कंपनी एका कागदावर सही घेते आणि बहुतेक वेळा कॉपीराइट तिच्या नावावर जातो. मग तीच नियतकालिके आपल्याच विद्यापीठांना विकली जातात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेखाली ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० नियतकालिकांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. विद्यार्थ्यांची सोय झाली, हे मान्य. पण माल आपला, मजुरी आपली आणि बिलही आपणच भरायचे, हा कुठला न्याय?

गरिबाच्या मुलाने चार पाने झेरॉक्स केली की हीच मंडळी कोर्टात धावतात. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्स दुकानावर २०१२ साली तीन बड्या विदेशी प्रकाशकांनी दावा ठोकला. शिकवण्याच्या ओघात प्रती काढण्यास कायद्याची मुभा आहे, असे म्हणत उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. प्रकरण अपिलात गेले, पण २०१७ साली प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

आज आपल्या कित्येक सभासदांची मुले-मुली पीएच.डी. करीत आहेत. त्यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ अवश्य दाखवा. हक्क देण्याचा करार लेखी व सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सगळा हक्क न देता नुसती छापण्याची परवानगी चालेल का, हे संपादकांना सही करण्याआधी पत्राने विचारावे. पत्राची एक प्रत आपल्या फाइलला लावून ठेवावी.