निळा म्हणजे सोपा!

जगातल्या समस्त थापांमध्ये "सोपं आहे हो!" ही थाप सर्वांत जुनी. गणिताच्या मास्तरांनी मला ती मारली, पोहायला शिकवणाऱ्याने मारली, आयकराचा फॉर्म भरून देणाऱ्यानेही मारली. पण हीच थाप रंगवून, खांबावर ठोकून, डोंगरमाथ्यावर उभी केलेली मी पाहिली ती आल्प्समधल्या ले जे नावाच्या गावी.

पुतण्या जिनिव्हात नोकरीला. त्याने आम्हां उभयतांना गाडीत घालून तिथे नेलं. "काका, तुम्ही तर जन्मभर पुण्यात सायकल चालवलीत. तुम्हाला काय अवघड?" स्तुतीला माणूस किती लवकर भाळतो, हे वयाने कमी होत नाही.

माउंटन बायकिंग म्हणजे सायकलीने डोंगर चढणं, अशी माझी भाबडी समजूत. तिथे सायकल पाळण्याला टांगतात, आपण पाळण्यात बसतो, आणि दोघंही आयते वर जातात. मग काय ते फक्त उतरायचं. वर पोचलो की पाटी : हिरवा म्हणजे अगदी नवख्यांचा, निळा सोपा, तांबडा अवघड, काळा अतिअवघड.

आमची ही सरळ हिरव्या वाटेकडे वळली. बावीस वर्षं सदाशिव पेठेतून शिवाजीनगरला लेडीज सायकलवर ऑफिसला गेलेली बाई. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. मला होतं. शिवाय हिरव्या वाटेवर सहा-सात वर्षांची पोरं होती. मी निळा घेतला.

आता माझा मुद्दा. पुतण्या म्हणतो तो मी पडल्यावर सुचलेला आहे. असेल. न्यूटनलाही काहीतरी पडल्यावरच सुचलं म्हणतात.

सोपा म्हणजे कुणाला सोपा? या गावाने २००४ साली आणि पुन्हा २०२२ साली माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. डोंगरापलीकडे स्वित्झर्लंडमधलं शांपेरी. तिथे २०११ साली धो धो पावसात, चिखलाच्या घसरगुंडीवर डॅनी हार्ट नावाचा इंग्रज पोरगा उतरला आणि दुसऱ्या नंबरवाल्याला अकरा सेकंदांहून जास्त मागे टाकून जगज्जेता झाला. असली माणसं रोज ज्या खोऱ्यात उतरतात, तिथे "सोपं" हा शब्द कुणाच्या मापाने कापला असेल? अहो, पैलवानाच्या घरी "घासभर खा" म्हणतात, तेव्हा घास पैलवानाचा असतो!

बरं, हे रंग आले बर्फावर घसरणाऱ्यांकडून. बर्फात मुख्यतः उतार किती, हे पाहिलं की भागतं. सायकलला उताराइतकीच खालची जमीन नडते. सौम्य उतार आणि मध्ये झाडांची मुळं, हे प्रकरण खड्या पण गुळगुळीत उतारापेक्षा वाईट; ती मुळं ओली असली तर साबण लावलेली फरशी बरी. पाऊस पडून गेला तरी पाटी आपली निळीच.

आणि वाट काही पाटीसारखी एका जागी बसत नाही. मोसमाच्या सुरुवातीला ती साफ असते. मग महिनाभर हजारो लोक एकाच वळणाआधी, एकाच जागी ब्रेक दाबतात आणि जमिनीला पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडतात. त्यांवरून जाताना माझी कवळी, चष्मा आणि आत्मविश्वास हे तिघंही वेगवेगळ्या लयीत हलत होते.

त्यात रंगांची भाषा तरी एक असावी? छे! फ्रान्समध्ये चार रंग. स्वित्झर्लंडच्या बर्फातल्या वाटांवर हिरवा नाहीच, तिथे निळ्यापासूनच सुरुवात. अमेरिकेत तांबडा गायब, आणि निळा म्हणजे मध्यम! जर्मन मात्र शिस्तीचे. त्यांनी शून्य ते पाच अशी श्रेणी केली आणि प्रत्येक श्रेणीत काय असतं ते लिहून ठेवलं : जमीन कशी, पायऱ्या आहेत का, वळण किती आवळलेलं. मी म्हणतो, तेवढंच पाटीवर लिहा ना! "मुळं आहेत. पायरी गुडघ्याएवढी. अमुक ठिकाणी उतरून चालता येतं." मग सोपं की अवघड ते माझं मी ठरवीन. मला रंग नको, माहिती हवी. भाजीवाली वांगी "सोपी" आहेत म्हणते का? ती देठ दाखवते.

"काका, तुम्ही ब्रेक चुकीचा दाबलात," हा पुतण्याचा युक्तिवाद. दाबला. आमच्या बिनगिअरच्या स्कूटरला डावा ब्रेक मागचा. तिकडच्या सायकलींना डावा पुढचा, उजवा मागचा. भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानात मला हेल्मेट मिळालं, गुडघ्यांना बैलाच्या झुलीसारखं काहीतरी बांधलं, चार पानांवर सह्या घेतल्या. त्या चार पानांत, मी मेलो तर जबाबदार कोण नाही, हे सविस्तर होतं. डावा ब्रेक पुढचा आहे, हे एवढं वाक्य नव्हतं. हायड्रॉलिक ब्रेक तो, एका बोटाने लागतो. मी चार बोटांनी, पुण्याच्या सवयीने आवळला. सायकल थांबली. मी थांबलो नाही.

मुळांपलीकडे पडलो होतो तेव्हा एक सात-आठ वर्षांची मुलगी थांबली, फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, आणि मी मान हलवल्यावर त्याच मुळांवरून टुणकन उडी मारून निघून गेली. त्या क्षणी माझी अर्धी बाजू लंगडी झाली, हे कबूल करतो. अर्धीच. त्या पोरीला ही वाट सोपी होती आणि मला नव्हती, हेच तर मी मघापासून सांगतोय!

खाली बाकावर ही बसली होती. गालांवर वारा लागून लाली चढलेली. म्हणाली, "किती वर्षांनी पाय न मारता वाऱ्यावर आले हो. दोनदा केला मी हिरवा." मग माझं मनगट पाहिलं आणि पुढचं बोलायची थांबली.

डॉक्टर सभ्य होते. हाड थोडंसं मोडलं आहे, सहा आठवडे लागतील, म्हणाले. मग त्यांच्या नर्सबाईंनी ट्रे पुढे केला आणि हसून काही विचारलं. पुतण्याने भाषांतर केलं :

"काका, प्लास्टर कोणत्या रंगाचं हवं विचारताहेत. हिरवं, निळं, की तांबडं?"