कपाटातला तो दगड



आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक पांढरा, जाळीदार ‘दगड’ आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी जामनगरच्या सहलीहून एका विद्यार्थ्याने तो आणला आणि मीच कौतुकाने त्याखाली नावाची चिठ्ठी चिकटवली. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. पुस्तकात ‘मूंगे की चट्टान’ असे वाचले होते. चट्टान म्हणजे दगड, एवढेच मनात बसले.

पण प्रवाळ हा दगड नाही. अंगठीतल्या पोवळ्याचा तो भाऊबंद. लाखो इवले जीव चुन्याची घरे बांधतात, घरावर घर चढते आणि प्रवाळभित्ती उभी राहते. अनेक प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. या भित्तींनी समुद्रतळाचा १ टक्काही भाग व्यापलेला नाही, तरी समुद्रातील सुमारे पाव जातींना त्यांचा आसरा आहे.

देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली आपल्या गुजरातेत, कच्छच्या आखातात झाले. तेथे नरारा येथे ओहोटीच्या वेळी पायी चालत प्रवाळ पाहता येतात. याच आखातातून एके काळी सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली गेली. आज मोठे संकट तापणाऱ्या समुद्राचे आहे. पाणी तापले की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे शेवाळ निघून जाते. प्रवाळ पांढरा पडतो. उष्णता लांबली तर मरतो.

कोणी म्हणेल, यात एका शाळेने काय करायचे? समुद्राची उष्णता आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे खरे. पण आपला पाय कुठे पडतो आणि आपण काय उचलतो, हे तर आपल्याच हाती आहे. सहलीत मार्गदर्शक सांगेल त्याच वाटेने चालावे. सुट्टीत मालवणला समुद्रात उतरणाऱ्यांनी फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नये.

२००१ पासून प्रवाळ वाघाप्रमाणेच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते तोडणे वा बाळगणे गुन्हा आहे. म्हणून तो नमुना वनखात्याच्या स्वाधीन करावा, अशी माझी विश्वस्त मंडळास विनंती आहे.

कपाटात जागा रिकामी राहील. मुलांनी कारण विचारले, तर माझी चूक मी स्वतः सांगेन.

– मुख्याध्यापक