सामाईक पाकीट

प्रवासाला किती पैसे न्यावेत, हे ज्याने त्याने आपल्या खिशाकडे पाहून ठरवावे, हे ठीक. पण दोघे मिळून निघणार असतील, तर खिसा कोणाचा पाहायचा?

माझ्या एका जुन्या मित्राचा छापखाना तीन वर्षांपूर्वी बंद पडला. कॉलेजात असताना एका चहात दोघांनी भागवण्याचे आमचे दिवस होते. पुढे मी प्राध्यापक झालो, महिन्याच्या महिन्याला पगार घरी येऊ लागला. त्याने यंत्रे विकून कर्ज फेडले आणि आता तो दुसऱ्यांची मुद्रिते तपासून संसार चालवतो. रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणातली बंदरे पाहत जायचे, हा आमचा विसाव्या वर्षीचा बेत. गेल्या डिसेंबरात मी तो पुन्हा काढला, तेव्हा तो म्हणाला, "जायचे तर माझ्या ऐपतीने जाऊ. माझे तिकीट तू काढणार असशील, तर तू एकटाच जा."

झाले! प्रत्येकी पाच हजार रुपये एका पाकिटात घातले. पाकीट त्याच्याकडे, हिशेबाची वही माझ्याकडे, मुदत आठ दिवसांची. चाळिशी ओलांडलेले दोन गृहस्थ पाठीला पिशव्या अडकवून निघालेले पाहून आमच्या सौभाग्यवतींनी "डबा दिला आहे, भांडू नका" एवढाच आशीर्वाद दिला.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. याच वाटेने निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमच्या लाँचवर रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परतणाऱ्या बायका गप्पा मारीत बसल्या होत्या. समुद्र त्यांना देखावा नव्हता, रस्ता होता.

कोकणचा किनारा पैसे वाचवणाऱ्याला फार सोयीचा आहे. वाटेत खाडी आडवी आली की सडक वळसा घेऊन दूर आत जाते, आणि पायी माणूस मात्र तरीने सरळ पलीकडे उतरतो. दाभोळला वासिष्ठीच्या मुखाशी फेरीबोटीत चढलो की समोर धोपावे. गाडीरस्त्याने तेच अंतर चिपळूणवरून फिरून जावे लागते. बोटीवर एका मोठ्या मोटारीशेजारीच आमच्या पिशव्या ठेवल्या होत्या. मोटारीतले कुटुंब काचा लावून बसले होते, आणि आम्हांला मात्र हर्णैच्या एका कोळ्याकडून सुरमई आणि तोवर यांतला फरक फुकट शिकायला मिळाला. पुढे गुहागर, मग तवसाळहून जयगडची खाडी ओलांडून एस. टी.ने रत्नागिरी.

रत्नागिरीत टिळकांचे जन्मघर पाहिले आणि थिबा राजवाड्यावर गेलो. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० साली हा वाडा झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. तीस वर्षे तो सरकारी तनख्यावर जगला. गच्चीतून दूरवर पाणी दिसते. मित्र बराच वेळ तिथे उभा होता. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या पैशावर राजवाडासुद्धा कैदच रे!"

त्या वाक्याची परीक्षा संध्याकाळीच झाली. सुट्ट्यांचे दिवस, स्वस्तातल्या साऱ्या खोल्या भरलेल्या. एक मिळत होती, पण दुप्पट भाड्याची. तो वही मागून घेऊन दिव्याखाली आकडेमोड करीत बसला आणि शेवटी म्हणाला, "मालवणहूनच परत फिरू. वेंगुर्ले राहू दे." वेंगुर्ले हे त्याचे आजोळ. लहानपणानंतर तो तिथे गेलेला नव्हता. माझ्या खिशात पैसे होते आणि ते आहेत हे त्याला ठाऊक होते. मी काही बोललो नाही. ते न बोलणे किती जड असते, हे ज्याच्यावर वेळ आली असेल त्यालाच कळेल.

जिथे जेवलो त्या खानावळीच्या बाईंनी आमच्या पिशव्या पाहिल्या आणि आपणहून विचारले, "पडवीत चटया टाकून दिल्या तर चालतील?" चालतील म्हणजे काय! दोघांचे मिळून शंभर रुपये त्यांनी कसेबसे घेतले. सकाळी गरम घावणे आणि चटणी मात्र पैशाविना आली.

मालवणला सिंधुदुर्ग पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी कुरटे बेटावर याची पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. साखरबावेच्या काठी आम्ही घरचे उरलेले लाडू खाल्ले.

आणि वेंगुर्ले पाहिलेच! डचांच्या सतराव्या शतकातल्या वखारीच्या पडक्या भिंतींवरून पुढे आजोळच्या घरी गेलो. ते केव्हाच विकले गेलेले. नव्या मालकांनी ओळखदेख नसताना आत बोलावून कोकमाचे सरबत दिले. परसातली विहीर तीच होती. मित्राने रहाट ओढून एक कळशी पाणी काढले, तोंड धुतले आणि काही न बोलता बाहेर आला.

सावंतवाडीला गाडीत बसल्यावर मी हिशेब मांडला. तीनशे चाळीस रुपये उरले होते. एकशे सत्तर त्याने माझ्या हातावर ठेवले, एकशे सत्तर आपल्या खिशात घातले. इतक्या वर्षांत त्याने मला काही द्यावे आणि मी ते निमूट घ्यावे, असा प्रसंग आला नव्हता.

दिवाळीत आपण एकमेकांकडे भेटवस्तू घेऊन जातो. द्यायला आपल्याला आवडते, कारण देणाऱ्याचा हात वर राहतो. पण ज्याची ऐपत कमी झाली आहे अशा आपल्या माणसाला पुष्कळदा आपला पैसा नको असतो, आपण त्याच्या चालीने चालावे एवढेच हवे असते. चाल मंदावली म्हणून आमचे काही बिघडले नाही. उलट तरी मिळाल्या, पडवी मिळाली.

पुढचे बंदर कारवार. निघायचे कधी, ते त्याची शिल्लक ठरवील. मी थांबायला तयार आहे.