निकाल कुणाच्या बापाचा?

२० मार्च १९२७ म्हटलं की शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं, चवदार तळं. आता सांगा, १७ मार्च १९३७ ला काय झालं? त्या तळ्याचा खटला त्या दिवशी मुंबई हायकोर्टात निकालात निघाला. सवर्णांचं अपील फेटाळलं. आपल्याला तळ्यावर बंदी घालणारी अनादि काळाची रूढी त्यांना शाबीत करता आली नाही. पाणी आपलं, खटला बाबासाहेबांवर, अन् निकाल इंग्रजीत, वकिलांच्या कपाटात. तळं बाटलं, कागद अजून सोवळ्यातच आहे.

मी चाकणला कंत्राटावर. राहायला पिंपरीच्या झोपडपट्टीत. आमच्या गल्लीतला एक जण चेंबरमध्ये उतरला तो वर आलाच नाही. ठेकेदाराने त्याच्या बायकोच्या हातात एक पाकीट कोंबलं, कागदावर अंगठा घेतला. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१४ ला सांगितलं. २० ऑक्टोबर २०२३ ला त्याचे ३० लाख केले. बाईला माहीत नव्हतं. मला नव्हतं. वस्तीच्या पुढाऱ्याला नव्हतं. ठेकेदाराला माहीत असणार, नाहीतर अंगठ्याची एवढी घाई कशाला?

म्हणून आम्ही चौघं धंदा काढतोय. होय, धंदा. देणगीच्या पावत्या फाडणार नाही. एक निकाल, सोळा पानं, मराठीत, दहा रुपये. शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर अन् पिंपरीच्या आंबेडकर चौकात. कागद-छपाईचे पैसे सुटले की पुढचा निकाल.

लगेच शहाणे भेटले. एक म्हणतो, परवानगी काढा. कसली परवानगी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाच. कोर्टाने मनाई केली नसेल तर निकाल कुणीही छापावा. २००७ साली मोडक खटल्यात सुप्रीम कोर्टच म्हणालं, निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा. प्रकाशकाने स्वतःची अक्कल लावून जोडलेलं तेवढं त्याचं. ते त्याला लखलाभ. आमची टिपणं आम्ही लिहू.

दुसरा म्हणतो, आता कोर्टच मराठी भाषांतरं देतं. देतं ना! मशीनने दळलेली ती मराठी पाळीवरच्या माणसाला वाचून दाखव अन् त्याचं तोंड बघ. शिवाय खरा धरायचा तो इंग्रजीच मजकूर. म्हणून केस नंबर, तारीख अन् कळीचा इंग्रजी परिच्छेद आम्ही शेजारीच छापणार. चुकलो तर वकील दोस्तांनी कान धरावा.

तिसरे आपलेच. म्हणतात, कोर्ट त्यांचं, तिथं काय मिळणार? दोस्तहो, मला कोर्टाची आरती करायची नाही. कंत्राट पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही, हे सांगणारा २००१ चा स्टील ऑथॉरिटीचा निकालही छापणार. आपण हरलो कुठं, हे गेटवर कळायला नको? अन् २०१७ साली मुंबईच्या २७०० कचरा कामगारांना कायम करणारा निकालही छापणार. तो युनियनने वर्षानुवर्षं भांडून आणलाय, कुणी भीक घातलेली नाही.

पहिली पुस्तिका तीस लाखांची. पहिली प्रत त्या बाईच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचणार. गल्ली ऐकेल. मग तिला पुढं घालून ठेकेदाराकडं जाणार अन् विचारणार, अंगठ्याच्या वर काय लिहिलं होतंस रे?

येताय?

जयभीम.