जात्याआडचे बोल

पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. भल्या पहाटे उठून दळलेल्या एखाद्या आजीला विचारून पाहावे. मात्र जात्याच्या घरघरीआड जे मोकळेपणी बोलता येत असे, ती जागाही गेली. सासुरवास, माहेरची ओढ, लेकीची काळजी, बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता, सारे दळताना गायल्या जाणाऱ्या ओव्यांत होते.

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकात त्या टिपायला सुरुवात केली. पुढे हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्या जमल्या. आकडा थक्क करणाराच, पण आम्हाला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. हे काम पुणे जिल्ह्यातील गरीब डोंगरी संघटनेच्या सोबतीने उभे राहिले. गावच्या बायका निव्वळ ‘माहिती देणाऱ्या’ नव्हत्या. ओव्या गोळा करण्यातही त्या होत्या. आपले दुःख शेजारणीच्याही ओवीत आहे, हे कळण्याने जो धीर येतो त्याला आरोग्य खात्याच्या तक्त्यात रकाना नाही. आज ‘पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’च्या संकेतस्थळावर यांतील अनेक ओव्या गायिकेच्या नावागावासह ऐकता येतात.

लोकसाहित्यावरचे आपले कितीतरी प्रबंध मात्र पदवी मिळताच कपाटात जातात. अनुदान देताना शासनाने एवढी अट घालावी: ध्वनिमुद्रणाची प्रत गावच्या वाचनालयात जमा व्हावी आणि ती आधी गाणारणींना ऐकवावी.