अक्षरांवरचा खटला

राजवट जुलमी असली की तिची अक्षरेही जुलमी असतात, असे एक मत आपल्याकडे खोल रुजले आहे. जर्मनीतली टोकदार, काळीकुट्ट फ्राक्टुर अक्षरे दिसली की नाझी आठवतात. मराठवाड्यात नस्तालिक वळणाची उर्दू पाटी दिसली की निजाम आणि त्याच्या बाजूने लढणारे रझाकार आठवतात. आठवणीला माझी हरकत नाही. ज्या घरांनी रझाकारी सोसली, त्यांना कोणी आठवणींबद्दल प्रवचन देऊ नये. हरकत आहे ती आठवणीवरून काढलेल्या निकालाला. निकाल असा की ती लिपीच गुन्हेगार. ती पाटीवरून पुसली की जुलमाचा डाग पुसला, आणि देवनागरी लावली की स्वातंत्र्य आले. जालना जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर हा निकाल टिकत नाही.

आधी त्या मताची खरी बाजू मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. प्रजेपैकी निम्म्याच्या आसपास तेलुगू बोलणारी, चौथाईच्या आसपास मराठी बोलणारी. अर्ज उर्दूत, दावा उर्दूत, निकाल उर्दूत. अंबडच्या किंवा भोकरदनच्या कुणब्याला आपल्या जमिनीच्या कागदावर काय चढले ते वाचता येत नव्हते. वाचून सांगणारा जे सांगेल तेच खरे मानायचे. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथेही शिक्षणाचे माध्यम उर्दू. खासगी शाळेला परवानगी हवी, सभेला तर ‘गश्ती निशाण 53’ या कुप्रसिद्ध परिपत्रकाखाली हवीच. या कोंडीतून वाट काढायला महाराष्ट्र परिषद उभी राहिली आणि तिचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, 1981 मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा इकडे आले. त्या पिढीला मराठी अक्षर हवे होते ते हौसेपोटी नव्हे. आपल्यावर चालणारी सत्ता आपल्याला वाचता यावी, ही त्यांची मागणी होती.

इथपर्यंत मी त्या मताच्या बरोबर आहे. पुढे नाही.

कारण याच निजामाच्या टपाल तिकिटांवर देवनागरी अक्षरे होती. 1918 पासून निघालेल्या त्याच्या नोटांवरही किंमत मराठीत छापलेली असे, शेजारी तेलुगू आणि कानडी. लिपीचा द्वेष हे जुलमाचे मूळ असते तर ती अक्षरे तिथे आलीच नसती. जिथे रयतेच्या हातून पैसा फिरायचा होता तिथे देवनागरी चालत होती. जिथे रयतेला उत्तर द्यायचे होते त्या कचेरीत ती चालत नव्हती. जुलूम या फरकात होता. तो अलिफच्या उभ्या रेघेत किंवा नूनच्या पोटात शोधून सापडणार नाही.

आणि उर्दू अक्षरे तरी सगळी निजामाच्या पदरी होती का? शोएबुल्ला खान हे हैदराबादेतल्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उर्दूत, त्याच नस्तालिक वळणात, रझाकारांच्या नाकावर टिच्चून छापत होते. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांना रस्त्यात गाठून मारले आणि त्यांचा हात तोडला. लिहिणारा हात. संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईला तेव्हा महिनाही उरला नव्हता. उर्दू पाटी पाहून ज्यांना फक्त रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी आठवतो, त्यांना शोएबुल्ला का आठवत नाही, हा माझा प्रश्न आहे. दोघांची लिपी एक होती. ती अक्षरे जुलमाची खूण ठरवली तर या संपादकालाही आपण त्याच्या मारेकऱ्यांच्या रांगेत उभे करतो. मला हे सहन होत नाही.

आणखी एक गोष्ट. नस्तालिकची अक्षरे तिरकी उतरत एकमेकांवर चढतात, शेजारी कोण आहे त्यावर प्रत्येकाचा आकार बदलतो. त्यामुळे ती खिळ्यांत ओतणे महाकठीण. उर्दू वर्तमानपत्रे कातिबाने हाताने लिहायची आणि शिळाछापावर काढायची, हाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतचा रिवाज. हैदराबाद संस्थानाने नस्तालिकचे टंकलेखनयंत्र बनवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. उलट आपल्या बाळबोध देवनागरीसाठी जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकातच मुंबईत देखणे खिळे ओतले होते. राजाची लिपी कातिबाच्या बोटांवर अवलंबून होती आणि रयतेची लिपी यंत्रावर चढलेली होती. म्हणून तर मराठी मजकूर अडवायचा तर अक्षर अडवून भागत नव्हते, छापणाऱ्यालाच अडवावे लागे. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजामाने घातलेली बंदी त्यातलीच.

आता जर्मनीकडे बघा, कारण लिपीला गुन्हेगार ठरवणारे आपले मित्र तिथला दाखला नेहमी देतात. फ्राक्टुर ही नाझींची अक्षरे, असे ते म्हणतात. नाझींनी सुरुवातीला ती अस्सल जर्मन म्हणून मिरवली हे खरे. पण 3 जानेवारी 1941 रोजी मार्टिन बोरमानने हिटलरच्या वतीने फतवा काढला की ही तथाकथित गॉथिक अक्षरे मुळात ज्यूंची आहेत, यापुढे सगळीकडे साधी रोमन वळणाची अक्षरे वापरावीत. फतव्याच्या कागदाचा मथळा त्याच गॉथिक अक्षरांत छापलेला होता. फतव्यामागचे खरे कारण बहुधा वेगळेच होते: जिंकलेल्या देशांतल्या लोकांना हुकूम वाचता यायला हवे होते. म्हणजे तीच अक्षरे आदल्या दिवशी राष्ट्राची आणि दुसऱ्या दिवशी शत्रूची ठरली, आकारात मात्र एका रेघेचाही फरक पडला नव्हता. हुकूमशहाने अक्षरांच्या आकाराला वंश चिकटवला. आज आपण एखाद्या लिपीला धर्म चिकटवतो तेव्हा त्याचीच पद्धत उचलतो.

देवनागरीने स्वातंत्र्याची हमी दिली असती तर 25 जून 1975 नंतरचे दिवस आलेच नसते. आणीबाणीतल्या शिस्तीच्या आणि कष्टाच्या घोषणा भिंतींवर शुद्ध देवनागरीत रंगवलेल्या होत्या. 28 जूनला ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. निजामाविरुद्ध लढलेले ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांना आणीबाणीत पुन्हा तुरुंगात जावे लागले. पहिल्या वेळी सत्तेची लिपी उर्दू होती, दुसऱ्या वेळी देवनागरी. गजाआड गेलेला माणूस तोच.

यावर दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील: मग अक्षरांत राजकारण नाहीच म्हणा, अक्षर हे नुसते साधन. हेही मला मान्य नाही. जालना जिल्ह्यातल्याच जांब गावी 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर गोल, सुटे, ठळक असावे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखे असावे, अशी त्यातली शिकवण आजच्या कोणत्याही अक्षरकाराला पुरून उरेल. तिचा रोख वाचणाऱ्याच्या सोयीकडे आहे, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. पण तो उपदेश सुरू होतो ब्राह्मणाला उद्देशून. ते सुंदर बाळबोध अक्षर जांबच्या परिसरातल्या बहुसंख्य माणसांना पुढे कित्येक पिढ्या शिकायला मिळाले नाही. तेव्हा अक्षर निर्गुण नसते. कोणी शिकायचे, कोणी छापायचे, कागदावर वरची जागा कोणाला, या प्रत्येक प्रश्नात सत्ता असते. म्हणूनच दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे, या महाराष्ट्राच्या 2022 च्या नियमाच्या मी बाजूने आहे. तो मराठीला जागा देतो, दुसऱ्या कोणाला हाकलत नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती, तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. मराठी आहेच, शिवाय उर्दू असली तर कायदा आड येत नाही, असा त्याचा अर्थ. तो निकाल मला मराठीच्या विरोधातला वाटत नाही. परतूरच्या अधिवेशनाने जी मागणी केली, तीच मागणी पातूरचा उर्दू वाचणारा नागरिक करतो आहे.

आणि हा प्रश्न पाट्यांपुरताही राहिलेला नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 29 ऑगस्ट 2023 रोजी मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि त्यानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. दप्तरे उघडली तेव्हा त्यांत उर्दू निघाली आणि मोडी निघाली. मराठा शेतकऱ्याच्या पणजोबाची जात ज्या कागदावर लिहिली आहे तो कागद त्याला वाचता येईना, तहसीलदारालाही येईना. मग मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे शोधत फिरण्याची वेळ आली. ज्या लिपीच्या पाट्या उतरवा म्हणून आरोळी ठोकायची, त्याच लिपीत आपल्या घराण्याचा पुरावा पडलेला. आणि मोडी तर आपलीच. तिला निजामाने मारले नाही. छापखान्याला ती सोयीची नव्हती, पुढे शाळेने सोडली, कचेरीने सोडली, आणि घरोघरचे कागद मुके झाले. 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला आधार मानले, तरी गावपातळीवरची जुनी नोंद कोणीतरी डोळ्यांनी वाचून खात्री करावीच लागते.

जालन्याच्या अभिलेख कक्षात आज हवेत ते वाचणारे. जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात मोडी आणि उर्दू या दोन्ही लिप्या जाणणारा माणूस कायमच्या पदावर नेमावा. महाविद्यालयांत या दोन्ही लिप्यांचे वर्ग पगारी शिक्षकांनी चालवावेत. जुन्या कागदांची नुसती छायाचित्रे काढून थांबू नये. प्रत्येक कागदाचे देवनागरी लिप्यंतर मूळ प्रतीशेजारी लावून ते गावच्या चावडीवर कोणालाही पाहता येईल असे ठेवावे. पाट्यांसाठी मोर्चे काढणाऱ्या संघटनांनी, मग त्या कोणत्याही रंगाच्या असोत, पुढचे निवेदन यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावे.