उरल्याच्या लेथवाल्यानं दिल्लीला काय लिहावं

रायपूरजवळच्या उरल्यात एखाद्या रोलिंग मिलच्या मागे दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा माणूस धरा. वर्षभरात त्यानं कारखान्याला सहा लाखांची बिलं दिली. कारखाना प्रत्येक बिलातून एक टक्का टीडीएस कापतो, म्हणजे वर्षाचे सहा हजार. एवढ्या कमाईवर त्याला आयकर लागत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलं की हे पैसे त्याला परत मिळतात. पण जुलैत घरी आजारपण निघतं, मुनीम गावी जातो, आणि विवरणपत्र सप्टेंबरात भरलं जातं.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडलेलं नवं आयकर विधेयक जसंच्या तसं मंजूर झालं असतं, तर या माणसाचे सहा हजार बुडाले असते. परतावा हवा तर विवरणपत्र मुदतीच्या आतच भरलं पाहिजे, असं एक कलम त्यात होतं. पाचशेहून अधिक कलमांच्या गर्दीत ते सहज नजरेतून सुटावं असं.

ते सुटलं नाही, कारण विधेयक प्रवर समितीकडे गेलं. ३१ खासदारांची समिती, अध्यक्ष ओडिशाचे बैजयंत पांडा. २१ जुलै २०२५ ला अहवाल आला. त्यात २८५ सूचना होत्या, आणि हे कलम काढून टाका ही त्यांतली एक. धर्मादाय आणि धार्मिक अशी दोन्ही कामं करणाऱ्या न्यासांच्या दानपेटीतल्या निनावी देणग्यांवर कर बसू नये, असंही समितीनं सुचवलं होतं. देवळाबरोबर दवाखानाही चालवणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी न्यासांचा हा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. सरकारनं ८ ऑगस्टला मूळ विधेयक मागे घेतलं आणि ११ ऑगस्टला सुधारलेलं मांडलं. त्यात या दोन्ही गोष्टी दुरुस्त झालेल्या होत्या.

आता पुढचं नीट वाचा. ११ ऑगस्टला लोकसभेनं ते विधेयक गदारोळात, चर्चेविना, काही मिनिटांत मंजूर केलं. सगळ्या देशाला लागू होणारा, १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा आयकर कायदा! लोकसभेत त्यावर कुणी बोललं नाही. बारकाईनं बोलणं, वाचणं, खोडणं झालं ते समितीच्या खोलीत. म्हणूनच माझं सांगणं आहे की टीव्हीवर सभागृहाचा गोंधळ बघत हळहळण्यापेक्षा समितीकडे लक्ष द्या. तिची बातमी वेळेवर कळली तर तुमच्या हातात थोडं तरी काही असतं.

आपल्याकडे संसदेच्या समितीनं करांवर कायम नजर ठेवण्याची सवय जुनी नाही. करांचा मुळातून विचार करायचा तर सरकार आयोग नेमायचं. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३-५४ मध्ये जॉन मथाई यांच्या आयोगानं तसं काम केलं. (चिंतामणराव तरुणपणी आपल्या रायपूर जिल्ह्यातच सेटलमेंट ऑफिसर होते, सारा ठरवण्याचं काम त्यांनी इथल्या गावांत केलेलं. रायपूरच्या मराठी घरांतही हे फारसं कुणाला आठवत नाही.) पण आयोग सरकारचा असतो. खात्यांवर नजर ठेवणाऱ्या संसदेच्या स्थायी समित्या १९९३ मध्ये आल्या, त्यांतली एक अर्थखात्यासाठी. अमेरिकेत करविषयक समिती १७८९ मध्ये पहिल्यांदा नेमली गेली आणि आजही तिथं कराचं विधेयक तिच्याच हातातून जातं. आपल्या समितीला तसा अधिकार नाही. ती सुचवते. मानायचं की नाही ते सरकार ठरवतं.

तरीही सुचवण्याला किंमत असते, आणि ती छत्तीसगडइतकी कुणाला कळायला हवी? २०१७ पूर्वी उरला-सिलतऱ्याचं लोखंड नागपूरला विकलं की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर छत्तीसगडच्या तिजोरीत राहायचा. जीएसटीत माल जिथं वापरला जातो त्या राज्याला कर मिळतो. म्हणजे भट्टीचा धूर आपल्याकडे, कर दुसरीकडे. जीएसटीसाठीच्या २०१४ च्या घटनादुरुस्ती विधेयकात राज्यांना या नुकसानीची भरपाई ‘पाच वर्षांपर्यंत’ देता येईल, अशी सैल भाषा होती. दोन वर्षांतही ती बंद करता आली असती. भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या प्रवर समितीनं २२ जुलै २०१५ च्या अहवालात सांगितलं, पूर्ण पाच वर्षं म्हणा. अखेरच्या मजकुरात तसंच आलं, आणि भरपाई जून २०२२ पर्यंत चालली. त्याच अहवालाला विरोधी सदस्यांच्या असहमतीच्या टिपण्याही जोडलेल्या आहेत. अहवाल वाचणार असाल तर आधी त्या वाचा. वाद नेमका कुठं होता ते तिथं लवकर कळतं.

समितीकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नका. दरवर्षीच्या अर्थसंकल्पाबरोबर येणारं वित्त विधेयक सहसा समितीकडे जात नाही, त्यातल्या बदलांसाठी तुमच्या खासदारालाच गाठावं लागतं. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं ते परिषदेच्या बैठकीतून. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. तेव्हा दराची तक्रार असेल तर अर्ज राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे करा, संसदेच्या समितीला लिहून टपालखर्च वाया घालवू नका.

मोठ्या कारखान्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांची संघटना असते, सीए असतो, दिल्लीत बोलणारं कुणी असतं. लेथवाला, ट्रकवाला, पेन्शनवर जगणारे काका, घराचा वरचा मजला भाड्यानं देणाऱ्या मावशी यांच्या वतीनं कुणी लिहीत नाही. ‘आपलं कोण वाचणार’ म्हणून तेही गप्प बसतात. मला हे पटत नाही. समितीला मोठ्यांचं म्हणणं मिळतंच. लहान माणसाच्या पैशाला एखादं कलम कुठं कात्री लावतं, हे तिला सांगणारं कुणी नसतं.

विधेयक समितीकडे गेलं की पुष्कळदा सचिवालय वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवतं. मुदत थोडी असते, म्हणून बातमी दिसताच कामाला लागा. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत द्यायचं असतं. घरी मराठी आणि कामावर हिंदी असणाऱ्या आपल्याला ते जड जाऊ नये.

लिहिताना सरकारला शिव्या घालू नका आणि स्तुतीही करू नका. दोन्ही वाचणारे कंटाळलेले असतात. कलमाचा क्रमांक लिहा. त्यानं तुमचं काय होईल ते रुपयांत लिहा: अमुक बिल, अमुक कपात, अमुक दिवस पैसे अडकले. मग ते कलम कसं असावं, हे जमेल तसं तुमच्याच शब्दांत मांडा. कायद्याची भाषा जमली नाही तरी चालेल, ती बसवायला तिथं माणसं आहेत. कर कमी करा, एवढंच लिहिलेला कागद बाजूला पडतो. मुदत चुकली तर परतावाच बंद करणं अन्याय आहे, हवं तर विलंब शुल्क घ्या, असं लिहिलेल्या कागदावर पेन्सिलीची खूण होण्याची शक्यता बरीच जास्त. एका गल्लीतल्या दहा जणांची अडचण एकच असेल तर एकच निवेदन करा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाचा आकडा वेगवेगळा लिहा. एकाच मजकुराच्या दहा नकला पाठवू नका.

समितीतल्या खासदारांची नावं जाहीर असतात. त्यात आपल्या भागातलं कुणी आहे का ते बघा, आणि असेल तर त्यांच्या कार्यालयात जाऊन अडचण तोंडी सांगा.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, तेव्हा पाठवल्यावर ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवू नका. आणि समितीसमोर जाऊन बोलायची तयारी असेल तर ते निवेदनातच स्पष्ट लिहा. बोलावणं येईलच असं नाही. आलं तर बरोबर बिलांची फाईल आणि टीडीएसचं प्रमाणपत्र न्या.